सिक्स बी

जामखेडला शाळेत असताना आम्हा चौघा चुलत भावंडांना चित्रकलेच्या गृहपाठाची धास्ती वाटे ती पेन्सिलीमुळे. एलिमेंटरीला बसायचं ठरलेलं. ही ग्रेड परीक्षा राज्याचं कला संचालनालय आजही घेतं. त्यामुळे आठवड्याला एक वस्तुचित्र, एक स्मरणचित्र न्यावंच लागे. बाजारात सुट्या मिळणाऱ्या पेन्सिली आम्ही वापरायचो. एखादी इतकी कठीण की कागदावर ओरखडा उठे, रेघ उमटत नसे. दुसरीत मध्येच खडा लागे. पेन्सिल फरशीवर पडली की वरचं लाकूड शाबूत आणि आतलं शिसं ठिकठिकाणी तुटलेलं. ब्लेड लावलं की तुकडा हातात. पेन्सिल बोटभर उरे तरी तांब्या अर्धाच. दादी म्हणायची, "ये पेन्सिल हय का मेख?"

शिसपेन्सिलीत खरं तर शिसं नसतंच. ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तर पेन्सिल कठीण, ग्रॅफाइट जास्त तर मऊ. युद्धामुळे इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा काँते नावाच्या फ्रेंच माणसानं 1795 साली ही मिसळण भाजून पेन्सिल केली. त्याच वर्षी आमच्या तालुक्यात खर्ड्याला मराठे आणि निजाम लढले. शाळेत आम्हाला फक्त लढाई शिकवली.

शेवटी खाऊचे पैसे जमवून आम्ही नगरहून एक सिक्स बी मागवली. ब्लेडनं तिचे चार तुकडे केले. तुकडा धरता येईना म्हणून बोरूच्या पोकळ नळीत खोचला.

घरात अडचण निराळीच होती. जानदार चित्र काढायचं नाही, यावर दादी ठाम. याबाबत उलेमांत मतभेद आहेत. दादीच्या मनात नव्हते. सुरई, जाळी, वेलबुट्टी तिला चाले, त्यामुळे संकल्पचित्रात आमचा हात चांगला बसला. पण स्मरणचित्राला 'आठवडे बाजार' आला. माणसांवाचून बाजार कसला? अब्बा म्हणाले, "इम्तिहान हय, करने दो." दादी गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं रागावण्यापेक्षा जड असे.

आम्ही सगळी माणसं पाठमोरी काढली. कठीण पेन्सिलीनं त्या पाठी नुसत्या पोकळ रेघा दिसत होत्या. सिक्स बीनं सावली भरली तेव्हा ओढणीला चुणी आली, पोत्याखाली हमाल वाकला.

दादीनं चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं. मग हमालाच्या पाठीजवळ बोट ठेवून विचारलं, "इसकी टोपी किधर हय?"

आमचे दादा बाजारात पोती उचलायचे. टोपी कधी काढत नसत. आम्ही डोक्याएवढी जागा रबरानं पुसली. सिक्स बीचं काळं पुरतं जात नाही. टोपी मळकीच राहिली. दादी म्हणाली, अशीच असायची.