नेम धरण्याचा नेम

आपल्या भाषेंत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. घरांतील वडीलधारी बाई रोज पहांटे तुळशीला पाणी घालते, तोहि नेम. आणि लहान मूल कैरीवर दगड भिरकावण्यापूर्वीं एक डोळा मिटतें, तोहि नेमच. पहिल्या नेमावांचून दुसरा साधत नाहीं, ही गोष्ट आम्हांस पन्नाशी उलटल्यावर एका लहानशा रिव्हॉल्व्हरनें शिकविली. ज्या घरांत विळी आणि अडकित्ता यांपलीकडे शस्त्र दिसत नाहीं, तेथें हा विषय निघाला कसा, असें वाचकांस वाटेल. म्हणून प्रथम तेंच सांगतों.

सोलापूरजवळ आमची थोडी जिरायत शेती आहे. ज्वारीच्या राखणीच्या दिवसांत आमचे वडील मळ्यावर मुक्कामास असत, आणि त्यांजपाशीं परवान्याचें ३२ बोराचें रिव्हॉल्व्हर असे. ते निवर्तल्यावर कायद्याप्रमाणें तें पोलीस ठाण्यांत जमा झालें. पुढें शेजारच्या वस्तीवर चोरी झाली, तेव्हां मळ्यावर राहणारे आमचे थोरले बंधू अण्णा यांनीं तें वारसाहक्कानें आपल्या नांवावर करून घेण्याची गोष्ट काढली. वहिनींचा याला साफ विरोध. “घरांत चार लेंकरें आहेत. तें आलें, तर मी मुलांना घेऊन गांवांतल्या घरीं राहीन,” असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. एरवीं वहिनी अण्णांसमोर चढ्या आवाजांत बोलत नाहींत. तेव्हां प्रकरण सोपें नाहीं हें सर्वांनीं ओळखलें. अखेर माईंनीं निकाल दिला, “जें वापरतां येत नाहीं तें घरांत आणूं नये. आधीं दोघे भाऊ शिकून या, मग बोलूं.” माईंना ठाऊक नव्हतें, पण २०१६ सालचे शस्त्रविषयक नियमहि अर्जदाराकडून शिक्षणाची हीच अपेक्षा करतात!

सोलापुरांत रिव्हॉल्व्हरचें नांव निघालें म्हणजे जुनीं माणसें १९३१ सालची हकीकत सांगत. १२ मे १९३० रोजीं या शहरांत लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यास फांशी झाली. त्यानंतर २२ जुलै १९३१ रोजीं वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत हंगामी गव्हर्नर हॉटसन यांजवर अगदीं जवळून गोळी झाडली. ती खिशांतील पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि हॉटसन वांचले, असा वृत्तांत आहे. त्या प्रसंगाच्या राजकारणांत आम्ही येथें शिरत नाहीं. मात्र लहानपणीं हें ऐकतांना मनांत एवढेंच ठसतें कीं, रिव्हॉल्व्हर हातीं असलें आणि माणूस समोर असला म्हणजे पुढचें काम गोळीच करते. प्रत्यक्ष नेमबाजीच्या मैदानावर गेल्यावर ही समजूत फार टिकत नाहीं.

आमचे शिक्षक वयानें आमच्याहून लहान, पण शिस्तीचे मोठे कडक. पहिले तीन आठवडे त्यांनीं आम्हांस काडतूस दाखविलेंसुद्धां नाहीं. शस्त्र रिकामें आहे असें कोणी सांगितलें तरी तें भरलेलेंच समजावें, नळीचें तोंड सदैव सुरक्षित दिशेस असावें, आणि नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें, एवढेंच ते रोज घोकून घेत. अण्णा पुटपुटत, “मुंजींत संध्या शिकलों, त्याहून हें कठीण!”

लहान शस्त्र म्हणजे सोपें शस्त्र, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. नळीच्या टोकाशीं एक बारीक उंचवटा असतो. त्याला शिकारी लोक माशी म्हणतात. मागील बाजूस एक खाच असते. खाचेच्या मध्यावर माशी, दोन्ही बाजूंस सारखा उजेड, आणि दोहोंचीं टोकें एका रेषेंत, असा मेळ जमला म्हणजे नेम जमला. लहान रिव्हॉल्व्हरमध्यें माशी आणि खाच यांत अंतर असतें सुमारें १० सेंटिमीटर. तेथें माशी एका मिलिमीटरनें सरकली, तर १० मीटरांवर गोळी १० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर नव्हे तरी चांगली चार बोटांहून अधिक सरकते! स्पर्धेच्या पिस्तुलांत हें अंतर २२ सेंटिमीटरांपर्यंत असूं शकतें. तेथें तीच चूक निम्म्याहून कमी होते. साधें त्रैराशिक आहे; परंतु तें हातानें सोडवावें लागतें.

दुसरी अडचण डोळ्याची. खाच, माशी आणि लक्ष्य हीं तिन्हीं एकाच वेळीं स्पष्ट दिसणें शक्य नाहीं. नवशिक्या लक्ष्याकडे टक लावतो. शिक्षक सांगत, “माशी स्पष्ट पाहा, लक्ष्य अंधुक दिसलें तरी चालेल.” जें मारायचें तें अंधुक ठेवायचें, ही गोष्ट मनास पटायला आम्हांस महिना लागला.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण चापाची. घोडा आधीं न चढवितां चाप ओढला, तर बोटाला चार-पांच किलोंचा जोर द्यावा लागतो, आणि शस्त्राचें वजन मात्र किलोच्याहि आंत! तेव्हां चापाबरोबर सबंध हातच ओढला जातो. शिवाय आवाज होणार या धास्तीनें मनगट आधींच खालीं झुकतें. ही खोड पकडण्याची युक्ति मोठी नामी आहे. शिक्षक आम्हांस पाठमोरे करून सहा घरांत दोन रिकाम्या पुंगळ्या मिसळून देत. रिकामें घर आलें कीं बार उडत नाहीं, आणि नळीनें मारलेली बुडी सर्वांना दिसते. यावर औषध एकच : रिकाम्या शस्त्रानें, भिंतीकडे तोंड करून, चाप हळूहळू सरळ मागें घेण्याचा रोजचा अभ्यास. मे महिन्याच्या सोलापुरी उन्हाळ्यांत, घामानें मूठ निसटत असतां, आम्ही दोघे म्हातारे भाऊ हें करीत होतों.

अभ्यासाचें मोल सांगण्यास शिक्षक हंगेरीच्या कॅरोली टाकाचचें उदाहरण देत. १९३८ सालीं हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात गेला. त्यानें डाव्या हातानें पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला, आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिकांत पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. आपल्या शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत हिनें २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तुलांत सुवर्णपदक जिंकलें. त्या प्रकाराच्या एका टप्प्यांत लक्ष्य केवळ तीन सेकंद समोर असतें. तेवढ्यांत खालीं असलेला हात उचलून एक गोळी झाडावयाची असते. आमची पुतणी मुक्ता हें ऐकून दर रविवारीं आमच्याबरोबर मैदानावर येऊं लागली.

पांच महिन्यांनीं अण्णांच्या सहाहि गोळ्या १० मीटरांवरून जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळांत पडूं लागल्या. तेव्हां एका संध्याकाळीं शिक्षकांनीं त्यांना मैदानाला दोन फेऱ्या धांवावयास लावलें, आणि धाप लागली असतांच, अंधुक उजेडांत, झाडावयास सांगितलें. सहांपैकीं दोन गोळ्या ताटांत पडल्या. “बाकीच्या चार कोठें गेल्या?” शिक्षकांनीं शांतपणें विचारलें. मैदानाच्या पाठीशीं मातीचा उंच बांध होता. मळ्यावर अण्णांच्या खोलीपाठीमागें मुलांच्या निजण्याची खोली आहे.

परत येतांना अण्णा गाडींत एक शब्दहि बोलले नाहींत. रात्रीं जेवणें झाल्यावर ते माईंना म्हणाले, “दिल्लीच्या त्या दुर्दैवी प्रसंगानंतर २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें स्त्रियांसाठीं म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें हलकें रिव्हॉल्व्हर काढलें. त्याचें वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पण नेम कांहीं कारखान्यांत तयार होत नाहीं. रोज अभ्यास करीन, तरच तें माझ्या हातीं शोभेल. आणि तेवढा नेम माझ्यानें या वयांत पाळवणार नाहीं. बाबांचें रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे देऊं.” तसेंच झालें. आलेल्या पैशांत मळ्याभोंवतीं तारेचें कुंपण आणि चार दिवे आले. मुक्तेसाठीं हवेचें पिस्तूल मात्र अण्णांनीं स्वतःच्या खर्चानें घेतलें.

गेल्या महिन्यांत वहिनी तिच्याबरोबर मैदानावर आल्या होत्या. सहज म्हणून त्यांनीं तें पिस्तूल हातीं घेतलें. दहांपैकीं आठ छरे तळहाताएवढ्या जागेंत! शिक्षक चकित झाले. वहिनी पदर सांवरीत म्हणाल्या, “त्यांत काय एवढें? लाटण्यावर कोठें जोर द्यावा आणि कोठें देऊं नये, हें तीस वर्षें रोज पाहतेंच आहें मी.”

अण्णांनीं दुसऱ्या दिवसापासून त्यांचें नांवहि वर्गांत घातलें आहे.