ओढ

अकलोलीत गरम पाण्याची वाण नाही. तानसेच्या काठावरची कुंडे अहोरात्र वाफाळत असतात आणि वज्रेश्वरीला आलेला भाविक त्यांत पाय बुडविल्याखेरीज सहसा परतत नाही. म्हणूनच आमच्या घरी आईचे दूध काढण्याचे यंत्र आले, तेव्हा ते कुंडाच्या पाण्याने धुवावे अशी सूचना शेजारून आली. सूचनेमागे आपुलकी होती. परंतु जमिनीतून ऊन होऊन आलेले पाणी आणि चुलीवर खळखळा उकळलेले पाणी एक नव्हे, हे आम्हांला सांगावे लागले.

आमचा नातू आठव्या महिन्यातच जन्मला. अंगावर ओढण्याइतके बळ त्याला नव्हते. आमची लेक दर तीन तासांनी यंत्राने दूध काढी आणि ते वाटी-चमच्याने त्याला पाजले जाई. काही आठवडे ठीक गेले. पुढे दूध कमी भरू लागले आणि एके दिवशी निम्म्यावर आले. पान्हा आटला, असा निवाडा भेटीस येणाऱ्यांनी देऊन टाकला. कोणी आळीव सुचविला, कोणी डब्याचे दूध. लेक काही बोलत नसे. बाटलीच्या तळाकडे पाहत राही.

यंत्र थकले असेल, हे मात्र कोणाच्या मनात येईना. आपल्याकडे दोष आधी बाळंतिणीला लागतो.

आम्ही उभयतांनी यंत्र सुटे केले. नळी काढून तिच्या जागी मोटारीच्या तोंडावर बोट ठेवले, तर ओढ चांगली होती. म्हणजे मोटार शाबूत. नळीत ओल नव्हती, तिला चीरही नव्हती. मग बाटलीच्या वरची रबरी झडप उजेडात धरली. तिच्या ओठाला केसासारखी चीर गेली होती. नखाएवढी ती वस्तू. पण तिच्यातून हवा निसटे आणि सारा जोर वाया जाई. नित्य वापरात या झडपा काही आठवड्यांतच सैलावतात व बदलाव्या लागतात.

नवी झडप ठाण्याहून येण्यास दोन दिवस लागणार होते आणि थांबणे धोक्याचे होते. स्तन रिकामे होतात त्या मानाने दूध तयार होते; यंत्र दुबळे राहिले तर पान्हा खरोखरच आटू लागतो. तेव्हा लेकीने हाताने दूध काढले. अंगठा व बोटे स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे, मग सैल सोडायची. या रीतीला वीज लागत नाही, आणि आमच्याकडे वीज जाते. औषधांच्या दुकानांत मिळणारा रबरी फुग्याचा जुना पंप आम्ही घेतला नाही. दूध फुग्यात शिरते आणि फुगा आतून स्वच्छ होत नाही.

झडप बसली आणि दोन-तीन दिवसांत बाटली पुन्हा भरू लागली.

स्वच्छतेबाबत मात्र आम्ही हट्टी झालो. अमेरिकेत 2016 साली अपुऱ्या दिवसांच्या एका बालकाला झालेल्या जीवघेण्या जंतुसंसर्गाचा माग पंपापर्यंत लागला होता. आमच्या यंत्राच्या सुट्या भागांना वेगळे घमेले आहे; मोरीत ते ठेवायचे नाहीत. दूध लागलेला प्रत्येक भाग वापरानंतर लगेच सुटा करून विसळायचा, साबणाच्या ऊन पाण्यात धुवायचा, दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळायचा आणि स्वच्छ फडक्यावर वाऱ्याने वाळू द्यायचा, पुसायचा नाही. नळीत बुरशी दिसली तर ती धूत बसू नये, टाकावी.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दात्या मातांचे दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवून परक्या बाळांना देतात. घरच्या यंत्राला ती सोय नाही. तिथे फक्त धुणाऱ्याचा हात असतो.

परवा गावातील दुसऱ्या एका बाळंतिणीसाठी आमचे यंत्र मागितले गेले. ते एका आईच्याच वापराचे म्हणून आम्ही दिले नाही. नातवाला आमच्या मांडीवर ठेवून लेक स्वतःच तिच्याकडे गेली, हाताची रीत शिकवायला.