तिचं पोट बिघडलं नव्हतं

आपल्याकडे जेवायला आलेली पाहुणी नुसता वरणभात कालवून उठली, तर तुम्हाला काय वाटेल? माझ्या आईला राग आला होता. मी कॉलेजात असताना ठाण्याची माझी एक मैत्रीण वसईला आमच्या घरी आली होती. आम्ही वाडवळ, पाहुणा म्हटला की कोळंबी आणि मटण हवंच. आईने सकाळीच मटणाला दही लावून ठेवलं होतं. मैत्रीण म्हणाली, "काकू, आज पोट बरं नाही." ती गेल्यावर आई फणकारली, "फार नखरे बाई तुझ्या मैत्रिणीचे!"

ही मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली यहुदी. पूर्वी अलिबागकडे हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर अशी, आणि घरात बोलायचं ते मराठीच. मग तिच्या ताटातलं काही वेगळं असेल, हे आमच्या डोक्यात कसं यावं?

लग्नानंतर ती इस्राएलला गेली. २०१९ साली ह्यांच्या कामामुळे आठ दिवस तिकडे जायचा योग आला, तेव्हा अश्दोदला तिने आम्हा दोघांना जेवायला नेलं. हॉटेल अगदी साधं. दारातच कोळशाचा खमंग वास, सळयांवर मांस भाजणं चाललेलं, आणि भिंतीवर 'कोशेर' असल्याचा दाखला चौकटीत लावलेला. आम्ही टेकतो न टेकतो तोच, न मागता, दहाबारा छोट्या बशा पुढे आल्या. काबुली चण्यांचं हम्मस, भाजलेली वांगी, कोबी, खारवलेल्या काकड्या आणि लाफा नावाची मोठी मऊ रोटी. एका बशीत पांढरंशुभ्र काहीतरी होतं. मी दही समजून भरपूर वाढून घेतलं, तर ती निघाली तिळाची ताहिनी! पांढरे तीळ बारीक वाटून त्यात लिंबू, लसूण आणि गार पाणी घालून फेटायचं, की झालं. तुम्हीही करून पाहा, पोळीबरोबर छान लागते.

मुख्य जेवणाची वेळ आली आणि मी तिच्या कानाशी लागले, "गाईचं मांस तर नाही ना गं ह्यात?" तिने हिब्रूत विचारून घेतलं आणि आमच्यासाठी कोंबडीच्या सळया मागवल्या. जेवण झाल्यावर मी चहा मागितला, तर पुदिन्याचा आला, बिनदुधाचा. दूध मिळेल का, असं मी विचारताच ती हसायला लागली. करडाला त्याच्याच आईच्या दुधात शिजवायचं नाही, अशी त्यांच्या धर्मग्रंथात आज्ञा आहे. म्हणून मांसाबरोबर दूध, दही, तूप, लोणी काही चालत नाही. मटण त्यांच्या रीतीने कापलेलं हवं. मासळी खवल्यांची आणि परांचीच. म्हणजे कोळंबी नाही, कुर्ल्या नाहीत. त्यांच्या घरी मटणाला नारळाचं दूध का घालतात, तेही मला त्या दिवशी कळलं.

माझ्या डोळ्यांपुढे आईचं ते ताट आलं. कोळंबी, आणि दह्यातलं मटण!

"तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काकूंनी पुन्हा चूल पेटवली असती," ती म्हणाली. "कॉलेजच्या कँटीनमध्ये, लग्नकार्यात, सगळीकडे विचारायचं नाहीतर पोट बिघडवून घ्यायचं. इथे कार्डावरचं काहीही मागवते. कुणाला विचारावं लागत नाही."

तिकडेही त्यांना सगळं सुखासुखी मिळालं असं नव्हे हं. लग्नसंबंधांसाठी आपल्याला पूर्ण यहुदी मानावं म्हणून बेने इस्राएलांना १९६४ पर्यंत झगडावं लागलं. पण त्या टेबलापाशी ती निवांत होती, आणि एकेक पदार्थ विचारत मी बसले होते. एका जेवणापुरतंच ते, पण मला अवघडल्यासारखं झालं खरं.

वसईला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. बराच वेळ सोलतच राहिली. मग म्हणाली, "खवल्यांची मासळी चालते म्हणालीस ना? मग रावस खाते का गं ती?"