एक स्लॉट रिकामा

माझा लॅपटॉप 2020 च्या दिवाळीतला. कॉलेज घरातूनच चालू होतं, फोनच्या स्क्रीनवर असाइनमेंटं करून डोळे गेले होते, म्हणून बाबांनी पंचेचाळीस हजारांच्या आत बसेल असा घेऊन दिला. रायझन 5 3500यू, 8 जीबी रॅम, 512 जीबीची एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पुढे डिग्री झाली, रायपूरच्या शंकरनगरात एका ऑफिसात नोकरी लागली, तिथे कंपनीचा कॉम्प्युटर मिळाला आणि हा घरी राहून फक्त माझ्या रात्रीच्या खेळापुरता उरला. व्हॅलोरंट जवळजवळ रोज, कंटाळा आला की जीटीए फाइव्ह.

2025 च्या एप्रिलात त्याने मान टाकायला सुरुवात केली. बंद पडला असता तर निर्णय सोपा होता, पण तो बंद पडत नव्हता. पहिला सामना झकास चालायचा, दुसऱ्यात चित्र अडखळायला लागायचं आणि तिसऱ्यात समोरचा दिसेपर्यंत मी मेलेली असायचे. पंख्याचा आवाज असा, की शेजारच्या खोलीतून आजी विचारायची, "मिक्सर कोण लावतंय गं एवढ्या रात्री?"

नागपूरचा मावसभाऊ माझ्याच टीममध्ये खेळतो. त्याचा निकाल तयार होता. "ताई, फेकून दे तो डबा. आरटीएक्स कार्डवाला घे." त्याने नुकताच पंचाहत्तर हजारांचा घेतला होता, त्यामुळे आवाजात अधिकार होता. बाबांचं म्हणणं उलट. चालतोय ना? मग चालू दे. आमच्या घरात वस्तू बदलायची तर आधी ती पूर्ण मेल्याचा पुरावा द्यावा लागतो.

तरी मी एका शोरूममध्ये जाऊन आले. तिथल्या मुलाने आधी भीती घातली, "मैडम, विंडोज टेन तो बंद हो गया." खरं होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला. पण माझा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत आहे आणि ते मी फुकटात कधीच चढवलं होतं. मग जीएसटी कमी झाल्याचं गाजर. 22 सप्टेंबरला मोठे टीव्ही, एसी 28 टक्क्यांवरून 18 वर आले हे बरोबर, पण लॅपटॉप आधीपासून 18 मध्येच होता. तिसरं मात्र मला तिथे उभ्याउभ्याच कळलं. आरटीएक्स 3050 असं स्टिकर असलेले दोन लॅपटॉप शेजारी शेजारी होते आणि किमतीत बरीच तफावत. खोदून विचारल्यावरही त्याला कारण सांगता येईना. या एकाच नावाखाली 35 वॅटपासून 80 वॅटपर्यंतची ग्राफिक्स चिप लॅपटॉपमध्ये बसवतात. मेमरी कुणाला 4 जीबी, कुणाला 6. जितके वॅट कमी तितका खेळ मंद. स्टिकरवर यातलं काही नसतं. सत्तर हजार मोजायचे आणि आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही, हे मला पटलं नाही.

घरी बाबांनी विजेचा मुद्दा काढला. छत्तीसगडमध्ये वीजबिल निम्मं करणारी योजना ऑगस्टात 400 युनिटांवरून 100 युनिटांवर आली होती, तेव्हापासून ते मीटरकडे संशयाने बघत होते. मी हिशेब करून दाखवला: गेमिंगचा लॅपटॉप दीडशे वॅट खातो धरलं, तरी रात्री तीन तास म्हणजे अर्धा युनिटसुद्धा नाही. त्यावर आजी म्हणाली, "पण सरकारने गेम बंद केले ना? बातम्यांत होतं." तिला ऑगस्टमधला ऑनलाइन गेमिंगचा कायदा आठवत होता. तो पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, आणि ई-स्पोर्ट्सला तर त्याच कायद्याने मान्यता दिली, हे समजावण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आजीचं समाधान झालं की नाही, देव जाणे.

मग मी दोन्ही पक्ष बाजूला ठेवले आणि लॅपटॉपलाच विचारलं. टास्क मॅनेजर उघडला, मेमरीवर गेले. स्लॉट वापरात : 2 पैकी 1. आणि 8 जीबीतले वापरण्याजोगे फक्त 5.9. बाकीचे 2 जीबी कुठे गेले? ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, त्याची ग्राफिक्स चिप प्रोसेसरच्या पोटातच असते. माझ्या लॅपटॉपमध्ये ती व्हेगा 8. तिची स्वतःची मेमरी नाही, ती रॅममधूनच उचलते. त्यात रॅमची एकच स्टिक असेल तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची ये-जा एकाच वाटेने. दोन सारख्या स्टिक लावल्या की वाट दुप्पट रुंद होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशिनीत याचा फरक थोडा पडतो. माझ्यासारख्या मशिनीत मात्र सगळा खेळ त्याच वाटेवर अवलंबून. पाच वर्षं तो स्लॉट रिकामा होता.

तापमान मोजलं तर खेळताना 95 अंश. प्रोसेसर 3.7 गिगाहर्ट्झपर्यंत पळू शकणारा, आणि जिवाच्या भीतीने दीडवर येऊन रांगत होता.

जयस्तंभ चौकातलं रवि भवन म्हणजे रायपूरचा मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. तिथल्या एका कारागिराने खालचं झाकण उघडलं आणि हसला. "दीदी, ये तो सिलतरा की राख है." पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पात्यांच्या मध्ये काळी नमद्यासारखी पट्टी जमली होती. चिमट्याने ओढली तर अखंड बाहेर आली. ज्याने रायपुरात गच्चीवर कपडे वाळत घातलेत त्याला ही काजळी सांगायला नको. सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांकडची ती काळी भुकटी तळपायाला लागते, तुळशीच्या पानावर बसते. माझ्या खिडकीजवळच्या टेबलावरून ती पंख्यात गेली नसती तरच नवल. वारा जायला फटच उरली नव्हती. प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळून खडूसारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली, ब्लोअर मारला. सगळे मिळून काहीशे रुपये.

रॅमचा भाव विचारला आणि तो जरा ओशाळला. डिसेंबर होता. "भैया, इतना?" "क्या करें दीदी, सब माल एआई वाले उठा रहे हैं." तो बाजारगप्पा मारत नव्हता. डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी बनवणाऱ्यांनी तिकडे तोंड वळवलं आहे. 3 डिसेंबरला मायक्रॉनने क्रुशल या नावाने सामान्य गिऱ्हाइकाला रॅम-एसएसडी विकणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. वर्षापूर्वी किरकोळ वाटणारी 8 जीबीची डीडीआर4 स्टिक दुपटीच्याही वर गेली होती. नव्या लॅपटॉपातही मेमरी लागतेच, म्हणजे तिकडेही सूट मिळायची नव्हती.

त्याने ड्रॉवरमधून एक जुनी स्टिक काढली. मदरबोर्ड जळालेल्या कुठल्याशा लॅपटॉपमधली, माझ्याच वेगाची. नव्याच्या निम्म्या भावात, आणि चालली नाही तर परत. इथे मी दोन मिनिटं थांबले, कारण पुढचा लॅपटॉप घेईन तो डीडीआर5 चा असेल आणि ही स्टिक त्यात बसणार नाही. गेले तर गेले, म्हटलं, एवढ्याच पैशांपुरते. सत्तर हजारांपुढे ते काय!

स्टिक तिरकी सरकवली, खाली दाबली, दोन्ही बाजूंचे चिमटे टक्कन बसले. बटण दाबलं. स्क्रीन काळी. बराच वेळ काळीच. "रुकिए दीदी, पहली बार पहचानने में टाइम लेता है." मग लोगो आला, आणि टास्क मॅनेजरमध्ये 13.9 जीबी वापरण्याजोगे.

त्या रात्री जीटीए सेकंदाला तिशीतल्या फ्रेम्सवरून पन्नाशीला पोचला, व्हॅलोरंट नव्वदच्या आसपास राहिला, आणि राहिला हे महत्त्वाचं. तिसऱ्या सामन्यातही तेवढाच. तापमान 82. यातून चमत्कार झाला असं कुणी समजू नये. सेटिंग खालचीच आहेत, रिझोल्यूशन 720, आणि सायबरपंकसारखे गेम आजही माझ्या नशिबी नाहीत. व्हेगा 8 काढून दुसरं काही बसवता येत नाही; ती वेळ येईल तेव्हा पूर्ण मशीनच बदलावं लागेल. तेव्हा काय विचारायचं ते ठरलंय: ग्राफिक्स किती वॅटचं, मेमरी किमान 6 जीबी आहे का, रॅमचे स्लॉट किती.

मावसभावाने शेवटचं अस्त्र काढलं. "ताई, जीटीए सिक्स येतोय, तेव्हा काय करशील?" त्याला सांगितलं, बाबा रे, 19 नोव्हेंबर 2026 ही तारीख प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची आहे, कॉम्प्युटरवर कधी येणार ते कंपनीने सांगितलेलंच नाही. तो जरा गप्प झाला. मग मी त्याला त्याच्याच नव्या लॅपटॉपचा टास्क मॅनेजर उघडायला लावला.

"स्लॉट किती वापरात आहेत?"

"...दोनपैकी एक."

आता तो रोज रॅमचे भाव बघतो.