कोळुंजी

कुंभकोणहून तंजावरच्या रस्त्याने सहाएक किलोमीटर गेले की तिरुवलंचुळी लागते. 'वलम्' म्हणजे उजवा आणि 'चुळी' म्हणजे भोवरा, वळसा. कथा अशी की, येथे कावेरी उजवीकडे वळली आणि एका विवरात शिरून दिसेनाशी झाली. तेव्हा हेरंड नावाच्या ऋषीने त्या विवरात उतरून आपला देह अर्पण केला आणि नदी पुन्हा भूमीवर आली. ही कथा मी लहानपणी पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका अंधाऱ्या स्वयंपाकघरात आईच्या तोंडून ऐकली. आईचे माहेर कुंभकोणचे. तंजावरचे राज्य १८५५ नंतर खालसा झाले, त्यानंतर पोटापाण्यासाठी कुंभकोणला येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी ते एक. हेरंड म्हणजे एरंडच, असे ती ठामपणे सांगे. वनस्पतीचे नाव धारण केलेला माणूस नदीला परत आणतो, याचे तिला काहीच नवल वाटत नसे.

गेल्या वैशाखात मामेभावाबरोबर मी तेथे गेले, ती दर्शनासाठी म्हणून. येथला विनायक श्वेत आहे. समुद्रमंथनातल्या फेसाचा तो घडला अशी श्रद्धा असल्यामुळे त्याला पाण्याचा अभिषेक होत नाही. मंडपातली दगडी जाळी पाहायला शिल्पाचे अभ्यासक दुरून येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि दरवाजा बंद झाला होता. तो चार वाजल्याशिवाय उघडणार नव्हता. "अक्का, गाडीत बसून उकडून जाल," असे म्हणून भाऊ मला मागच्या शेतांकडे घेऊन गेला. पुढे जे घडले, ते या बंद दरवाजामुळे.

सांबाचे भात कापून, त्यामागून घेतलेला उडीदही निघून बरेच दिवस झाले होते. कालवे कोरडे होते. मेट्टूरच्या धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे जूनच्या १२ तारखेला सुटते. त्याला अजून अवकाश होता. अशा ओसाडीत फुले कसली असणार, असे मला वाटले होते. परंतु कुंपणावर गोकर्ण फुललेली होती. बांधाच्या कडेला खुळखुळा होता. त्याच्या वाळक्या शेंगांना पाय लागला की आतले बी वाजे. तमिळमध्ये त्याला 'किलुकिलुप्पै' म्हणतात. दोन्ही भाषांनी नाव ठेवताना डोळ्यापेक्षा कानावर विश्वास टाकला आहे. एका झुडपावर गुंजेचा वेल चढला होता आणि त्याच्या उकललेल्या शेंगांतून लाल-काळे मणी दिसत होते. गणेशचतुर्थीला मातीच्या पिळ्ळैयाराचे डोळे या 'कुंडुमणी'चे करतात. आई पुण्यातही तसेच करी. आमच्या शेजारच्या बायकांना ते डोळे फार भेदक वाटत.

ही सारी मंडळी एकाच कुळातली, वाटाण्याच्या. जगभर या कुळाच्या सुमारे एकोणीस-वीस हजार जाती आहेत. पैकी ज्या शाखेचे फूल पतंगासारखे दिसते, तिची रचना एकदा समजून घेतली की रस्त्याकडेचे तणही ओळखीचे वाटू लागते. पाच पाकळ्या असतात. वरची एक मोठी, तिला ध्वज म्हणतात. बाजूच्या दोन पंख. खालच्या दोन जुळून होडीच्या तळासारख्या झालेल्या. त्या होडीत दहा पुंकेसर दडलेले असतात आणि पुष्कळ जातींत त्यांतले नऊ तळाशी एकत्र जुळलेले, दहावा मात्र सुटा. लिनियसने या व्यवस्थेवरून एक वर्गच कल्पिला आणि त्याला दोन भाऊबंदक्या अशा अर्थाचे नाव दिले. नऊ भाऊ एकत्र कुटुंबात आणि एक विभक्त, हे वर्णन वाचून मला प्रथम हसू आले होते. पुढे कळले की, तो दहावा सुटा असल्यामुळेच नळीला फट राहते आणि मधमाशीची सोंड तळाच्या मधापर्यंत पोहोचते. खुळखुळ्यात मात्र दहाही एकत्र असतात. गोकर्णीने तर सारी मांडणीच उलटी केली आहे. तिचा ध्वज खाली आणि होडी वर. इतर फुलांत माशीच्या पोटाला लागणारे पराग येथे तिच्या पाठीला लागतात. आपण या फुलाला गाईचा कान म्हणतो, तमिळ माणूस शंख म्हणतो.

मराठी ललित लेखनाला या कुळाचे वावडे नाही. पळस आणि पांगारा यांच्यावर आपण किती शाई खर्च केली आहे! परंतु आपले लक्ष नेहमी वर, फांदीकडे. पायाखालच्या तणाला आपल्या वाङ्मयात नाव मिळते ते क्वचित, आणि मिळाले तरी 'रानफुले' या सामासिक दुर्लक्षात. समीक्षक म्हणून मीही याला अपवाद नाही. उलट माझा अपराध अधिक मोठा आहे. तो येथे सांगायचा आहे.

आजोळी औषधांची एक वही होती, मोडीत लिहिलेली. कागदावरून आणि अक्षरवळणावरून ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली असावी. सरफोजी महाराजांच्या धन्वंतरी महालाची कीर्ती त्या मुलखात दीर्घकाळ टिकून होती. तेथले अनुभवाचे उपचार 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने तमिळ पद्यात गुंफले गेले होते. तेव्हा मराठी कारकुनाच्या घरी अशी वही असणे स्वाभाविकच. पीएच.डी. पूर्ण झाल्यावर मी तिचा अभ्यास केला आणि १९९१ मध्ये एका नियतकालिकात लेख लिहिला. सालवण, पिठवण ही नावे मी सहज लावली. दोन्ही शेंगवर्गीय आणि दशमुळांतली. अडखळले ते पानथरीवरच्या एका उपायाशी. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. ऱ्हस्वदीर्घाचा धरबंध नसतो. ओळ अशी होती: 'कोळुंजीनवताकांत'. मला कोळिंजन ठाऊक होते. खोकल्यावर आई त्याचा तुकडा तोंडात धरायला देई. मी उकार खोडला, 'जी'चा 'ज' केला आणि 'कोळिंजन व ताकांत' असा पाठ सिद्ध केला. मग 'व'नंतर काहीच नाही, हे लक्षात आल्यावर तेथे लेखनिकाच्या हातून एक शब्द गळला आहे अशी टीप दिली.

एवढ्यावर थांबले असते तर तो साधा वाचनदोष ठरला असता. मी त्यावर एक विधान उभारले. तंजावरचा मराठी माणूस डोळ्यांसमोरच्या भूमीला नावे देत नाही, तो स्मरणातल्या सह्याद्रीवरची नावे येथे आणून लावतो आणि तीही चुकवतो, असे ते विधान. 'परिसरविच्छिन्न भाषा' असा शब्दप्रयोगही मी केला. तो आवडला. पुढे दोन-तीन प्रबंधांत माझ्या नावासह उद्धृत झालेला मी पाहिला आणि तेव्हा मला सुखच वाटले.

लेखाची प्रत मी मोठ्या मामांना पाठवली होती. ते शाळेत गणित शिकवीत आणि संस्कृत आवडीने वाचत. त्यांचे अंतर्देशीय पत्र आले. लेखाचे कौतुक होते, माझ्या प्रकृतीची चौकशी होती, आणि शेवटी एक वाक्य होते: ही कोळुंजी आहे, पान टोकाला धरून ओढून पाहा म्हणजे कळेल. पत्राच्या घडीत एक वाळकी डहाळी होती. प्रवासात तिचा चुरा झाला होता. मला वाटले, कोठल्या तरी देवाचा अंगारा-प्रसाद असेल. म्हाताऱ्या माणसाच्या हौशी तर्काला उत्तर काय द्यायचे, या भावनेने मी दोन ओळींचे नम्र पत्र लिहिले. त्यात पानाचा उल्लेखही केला नाही. मामांनी तो विषय पुन्हा काढला नाही. १९९६ मध्ये ते गेले.

तर त्या दुपारी पडीक शेतात गुडघाभर उंचीचे एक तण सर्वत्र माजलेले होते. राखी झाक असलेली संयुक्त पाने, त्यावर जांभळट-गुलाबी चिमुकली फुले. ध्वज, पंख, होडी, सारे यथास्थित. चपट्या, किंचित वाकलेल्या शेंगा. पलीकडे शेळ्या होत्या, पण याला तोंड लावीत नव्हत्या. बांधावर एक वृद्ध शेतकरी बाई बसल्या होत्या. भावाने त्यांना तमिळमध्ये विचारले. त्या म्हणाल्या, "कोळुंजी." आणि आम्ही गप्प राहिलो असे पाहून, शहरातल्या माणसांना कळावे म्हणून, पुन्हा सावकाश उच्चारले.

मी एक पर्णिका टोकाला धरून ओढली. ती आडवी तुटली नाही. शिरांच्या तिरकस रेषांनी फाटून हातात बाणाच्या शेपटीसारखा, खाचेचा तुकडा आला. दुसरी ओढली, तिसरी ओढली. तेच. बाणाला लावलेल्या पिसांचा जो भाग, तो पुंख. ही शरपुंखा! महाराष्ट्रात हिलाच उन्हाळी म्हणतात, आणि आमच्या पुण्याच्या टेकड्यांवर ती इतकी उगवते की मी रोज फिरायला जाताना तिच्यावरून चालत आले आहे. वैद्यकात तिचे दुसरे नाव प्लीहशत्रू. प्लीहा वाढली असता तिच्या मुळाचा कल्क ताकातून देतात. प्लीहा वाढणे म्हणजेच पानथरी. उपाय पानथरीवरचा होता, अनुपान ताकाचे होते, आणि मी तेथे खोकल्याचे औषध नेऊन ठेवले होते. कठीण पाठ सोप्या पाठापेक्षा अधिक विश्वसनीय, हे पाठचिकित्सेचे सूत्र मी पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. रोगाचे नाव त्याच ओळीत होते. ते मी वाचलेच नव्हते.

भावाला माझ्या मनात काय चालले आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो शेतीची माहिती देत राहिला. भाताच्या हंगामानंतर कोळुंजी पडीक रानात आपोआप उगवते. गुरे तिला सहसा खात नाहीत, म्हणून ती उन्हाळाभर टिकते आणि नांगरणीच्या वेळी मातीत गाडतात. त्याने एक रोप उपटून दाखवले. मुळांवर बारीक गाठी होत्या. एक गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी. या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून रोपाला देतात, हे १८८० नंतरच्या दशकात हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले. कावेरीकाठच्या कुळवाड्याला नायट्रोजन माहीत नव्हता. कोळुंजी गाडलेल्या रानात भात हिरवेगार येते, हे माहीत होते. रासायनिक खते आल्यावर ही रीत मागे पडली, असे भाऊ म्हणाला. या शेताच्या मालकिणीने ती सोडली नव्हती.

शास्त्रात हिला टेफ्रोशिया पर्प्युरिया म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये हिला दुसऱ्या प्रजातीत घातले होते, १८०७ मध्ये पर्सूनने आजचे नाव दिले. पहिला ग्रीक शब्द राखेच्या रंगाचा आहे. येथून पूर्वेला समुद्रकाठी तरंगमबाडी आहे, तेव्हाची डॅनिश वसाहत. लिनियसचा शिष्य कोनिग तेथे १७६८ मध्ये आला आणि या किनाऱ्यावरच्या वनस्पती गोळा करून युरोपात पाठवू लागला. त्याच्यामागून १७७६ मध्ये आलेला रॉट्लर हा धर्मोपदेशक तर वनस्पतीही गोळा करी आणि शब्दही. त्याचा तमिळ-इंग्रजी कोश १८३४ पासून मद्रासेत छापला जाऊ लागला. एकच माणूस सकाळी पाने दाबून वाळवतो आणि संध्याकाळी त्याच भूमीचे शब्द टिपतो, हे चित्र मला त्या दिवसापासून सोडत नाही. मी तंजावरी मराठीवर प्रबंध लिहिला आणि त्या काळात एक तमिळ कोश कधी उघडला नाही. वही लिहिणारा तो अनाम कारकून माझ्यापेक्षा रॉट्लरच्या जवळचा होता. त्याने शरपुंखा हे पोथीतले नाव लिहिले नाही, उन्हाळी हे देशावरचे लिहिले नाही. ज्या बाजारातून वा ज्या बांधावरून घरच्या मुलाला ती आणायला पाठवायचे, तेथे जे नाव चालते तेच लिहिले.

एका शब्दाने साराच निष्कर्ष कोसळतो असे मी म्हणणार नाही. आणलेली नावे त्या वहीत आहेतच. आईसुद्धा दोन्ही प्रकारची नावे जपून होती. द्वादशीला ती हादग्याचा पाला शिजवी, आणि शेजारणी विचारीत की अहो, फुलांची भाजी करायची सोडून पाला कसला खाता? त्या पाल्याला ती 'अगत्ती' म्हणे आणि फुलांना 'हादगा'. एकाच झाडाची दोन नावे एका घरात नांदत होती. हे मी रोज ऐकले होते आणि तरीही विच्छिन्नतेचा सिद्धांत मांडला.

चार वाजता दरवाजा उघडला. दर्शन घेतले. भावाने विचारले, काय मागितले? मी काही बोलले नाही.

पुण्याला परतल्यावर मामांचे पत्र शोधले. ते मोल्सवर्थच्या कोशात निघाले, 'क'च्या पानांत. तेथे ते मी ठेवले की योगायोगाने राहिले, आठवत नाही. घडीत देठ आणि दोनच पर्णिका शिल्लक होत्या. ओढून पाहण्याजोग्या त्या राहिलेल्या नाहीत.

लेख ज्या नियतकालिकात आला ते बंद पडून बरीच वर्षे झाली. म्हणून दुरुस्ती येथेच नोंदवते. वहीतल्या त्या ओळीचा पाठ 'कोळुंजी नव ताकांत' असा वाचावा. नव ताक म्हणजे ताजे ताक. शब्द गळलेला नाही.