तिथी बघून चालायचं गाव

हरिहरेश्वरला आलेला पाहुणा गाडीतून उतरतो, देवदर्शन आटोपतो, उकडीच्या मोदकांवर ताव मारतो आणि दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगरची वाट धरतो. चालायला म्हणून इथं सहसा कुणी येत नाही. रायगड जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला पायवाटांना मात्र तोटा नाही. देवाच्या, आगरांच्या, तरीच्या अशा या जुन्या वाटा आहेत, आणि त्यांतली सगळ्यांत देखणी वाट समुद्र दिवसातून दोनदा बंद करून टाकतो.

ती वाट म्हणजे देवळामागची प्रदक्षिणा. दर्शनाचा क्रम ठरलेला आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. ते झालं की भाविक मागच्या टेकडीवर चढतो आणि पलीकडे कातळाच्या एका अरुंद चिरेतल्या पायऱ्या उतरू लागतो. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा दगड बोटांना लागतो. उन्हाळ्यातही तिथं गारवा असतो. समुद्र अजून दिसत नाही, पण त्याचा आवाज त्या फटीत घुमून दुप्पट होतो. शेवटची पायरी उतरली की एकदम मोकळं आकाश, समोर पसरलेला काळा कातळ आणि त्याच्या कडेला फुटणाऱ्या लाटा. टेकडीच्या पायथ्याला धरून वळसा घेतला की माणूस पुन्हा गावाच्या बाजूला पोचतो. अंतर अगदी थोडं आहे. वेळ लागतो तो बघत उभं राहण्यात.

बघण्यासारखं काय, तर दगड! सह्याद्री ज्या बेसॉल्टचा घडला आहे तोच हा दगड, पण इथं त्याला जाळी पडली आहे. कमरेच्या उंचीवर, डोक्याच्या वर, जिथं पाहावं तिथं मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं. काही करंगळी जाईल एवढी, काही मूठ मावेल एवढी. हे काम एकट्या लाटांच्या माऱ्याचं नव्हे. उडालेलं खारं पाणी दगडाच्या रंध्रांत शिरतं, उन्हात सुकतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण एकेक करून सुटतात. छिद्र एकदा पडलं की त्यात ओल टिकते, आणि ते आणखी खोल होत जातं. मी एका छिद्रात बोट फिरवून पाहिलं तेव्हा कडा कानशीसारखी खरखरीत लागली आणि बोटाला खारट चव आली. पायाखाली खळग्यांत साचलेलं पाणी, त्यात एखादा खेकडा. बाजूला पिंडदानाला आलेलं कुटुंब गुरुजींच्या मागे मंत्र म्हणत बसलेलं, आणि त्यांच्या पलीकडे सेल्फीसाठी कडेपर्यंत सरकलेली चार कॉलेजची पोरं. गुरुजी मंत्र थांबवून ओरडले, “अरे, मागे व्हा!” आणि पुढची ओळ तिथूनच उचलली.

त्यांचं ओरडणं वाजवी होतं. इथं लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही, आणि शांत वाटणाऱ्या समुद्रातही मध्येच एखादी लाट इतरांपेक्षा बरीच वर येते. पावसाळ्यात या वाटेचा विचारही करू नये.

मग जायचं कधी? मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात. पण आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांना मोबाइलची गरजच वाटत नव्हती. “काका, उद्या प्रदक्षिणेला कधी निघू?” असं विचारलं, तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “उद्या चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊ-सव्वानऊला ओहोटी. आठला निघा, पाणी उतरत असताना चाला. चढत्या पाण्याबरोबर नको.”

कोकणकिनाऱ्यावर हा हिशेब जुना आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आणि त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं मागे पडतो, पाऊणपटीत ४५ धरली जातात. उरलेला फरक इथली माणसं नजरेनं भरून काढतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओहोटी ऐन दुपारी बाराच्या सुमारास येते आणि पाणीही फारसं हटत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात ते लांबवर जातं, पण तितक्याच जोमानं परततं. माझ्या मते चतुर्थी-पंचमीची सकाळ सर्वांत सोयीची. एरवी पंचांगाशी माझं फारसं जमत नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रदक्षिणेनंतर पाय मोकळे करायला जागा भरपूर आहे. १८-२० किलोमीटरवरच्या श्रीवर्धनात, म्हणजे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या गावात, आगरांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा आहेत. एका हाताला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या हाताला नारळी-पोफळी. इथली रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर धडकलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की पीक हाती यायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे त्या जूनचा हिशेब बागायतदाराच्या घरात लवकर मिटत नाही. आजही चालताना मध्येच डोक्यावरची सावली संपते आणि ऊन थेट अंगावर येतं. तिथं खाली पाहावं, कोवळी रोपं ओळीनं उभी दिसतात.

श्रीवर्धनहून आरावी, शेखाडीमार्गे दिवेआगरकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता छायाचित्रांत सगळ्यांत जास्त दिसतो. सुंदर आहे, यात वाद नाही. पण चालणाऱ्यासाठी शनिवार-रविवारी तो त्रासच. गाड्या वळणावर थांबतात, दारं धाडकन उघडतात. पहाटे मात्र तो रस्ता आपलाच असतो. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांतलं आरडीएक्स याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवलं गेलं होतं, हे त्या शांततेत आठवलं की पुळणीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

माझी आवडती चाल मात्र उलट दिशेची, हरिहरेश्वरहून बागमांडल्याकडे. काही किलोमीटरांवर बाणकोटची खाडी येते, म्हणजे महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री इथं समुद्राला मिळते. पलीकडचं वेसवी रत्नागिरी जिल्ह्यात. मध्ये फेरीबोट चालते. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते आणि माणसं इंजिन बंद करून घामाघूम होत बसतात. पायी आलेला मात्र किरकोळ तिकीट काढून सरळ आत शिरतो. पलीकडे बाणकोटचा हिम्मतगड आहे. १७५६ साली तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. वर जांभ्याचे बुरूज, खाली खाडीचं मुख आणि समोर हरिहरेश्वरची टेकडी. किल्ल्यावर पाणी मिळेल या भरवशावर राहू नये, आणि चढायच्या आधी परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते धक्क्यावर विचारून घ्यावं.