जामच्या वाटेवर एक चाक

इंदूरहून महेश्वरास जाण्याचे मार्ग दोन. एक आग्रा-मुंबई महामार्गाने मानपूरचा घाट उतरून धामनोदवरून जाणारा, रुंद आणि वर्दळीचा. दुसरा महूवरून जामच्या दरवाजापाशी पठार सोडून मंडलेश्वरास उतरणारा. घाईच्या माणसाने पहिला धरावा. आम्हांस घाई नसते, म्हणून वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, मावशींना भेटावयास जाताना आम्ही दुसऱ्याच वाटेने जातो.

माळव्याची काळी, सपाट जमीन जेथे एकाएकी संपते आणि खाली निमाड धुरकट उन्हात पसरलेला दिसतो, त्या कड्यावर हा दरवाजा उभा आहे. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतली आणि महेश्वर राजधानी झाले; पठारावरून राजधानीकडे उतरणाऱ्या वाटेवरचा हा दरवाजा त्यांच्याच कारकीर्दीतला. पुढे १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली. आता सुटीच्या दिवशी येथे भुट्टे आणि चहा मिळतो, तरुण मंडळी छायाचित्रे काढतात. तथापि एखाद्या आडवारी, चार वाजल्यानंतर, कमानीखाली वाऱ्यावाचून कोणी नसते. आम्हांस दरवाजा आवडतो तो अशा वेळी.

वाट मात्र आडवारी कठीण. दरवाजा ओलांडला की खालच्या वस्तीपर्यंत पंक्चरवाला नाही, आणि भ्रमणध्वनीचा भरवसा एका वळणावर असतो, दुसऱ्यावर नसतो. आमची मोटारसायकल शंभर सी.सी.ची, जुनी, ड्रम ब्रेकची, ट्यूबच्या टायरची. आम्हीही साठी ओलांडलेले. चिरंजीवांचे म्हणणे असे, की आता बसने जावे. पुष्कळ वादानंतर घरात तह झाला तो या अटीवर: मागचे चाक आम्ही एकट्याने काढून एकट्याने बसवू शकतो तोवर जामची वाट आमची; ज्या वर्षी ते जमणार नाही त्या वर्षापासून बस. अट कठोर आहे, पण न्यायाची आहे. पुढचे चाक कोणीही काढील. मागच्यास साखळी असते, ब्रेक असतो, वजन असते, आणि ते धरावयास दुसरा माणूस लागतो असा सर्वांचा समज असतो.

गेल्या मार्गशीर्षात ही अट कसास लागली. दरवाजाखालच्या चौथ्या वळणावर गाडीचे शेपूट डोलू लागले. उतरून पाहिले, तर मागच्या टायरात बैलाच्या नालेचा खिळा, डोक्यापर्यंत रुतलेला. सूर्य मावळावयास तासाहून थोडा अधिक अवकाश होता.

आमची हत्यारे एका जुन्या सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळलेली असतात. वरून बांधावयास माहेश्वरी साडीचा काठ. त्यात काय असावे, हे वाचकांपैकी ज्यांच्या घरी अजून अशी गाडी आहे त्यांच्यासाठी सांगतो. एक्सलच्या नटाचा रिंग पाना, आमच्या गाडीस एकोणिसाचा. उघड्या तोंडाचा नको, तो नटाच्या कडा खातो. त्या पान्यावर चढणारा हातभर लोखंडी पाइप. आपल्या मनगटात जोर किती उरला आहे याची चौकशी करण्यापेक्षा पाइप बाळगणे बरे. ब्रेकच्या रॉडसाठी लहान पाना, पक्कड, दोन-तीन नव्या स्प्लिट पिना, लाकडी दांड्याचा तुकडा, तीन टायर लिव्हर, पंप, एक चांगली ट्यूब, आणि ठिगळाचे सामान. शिवाय मेन स्टँडखाली घालावयास दोन फळकुटे. दुकानदार याहून पुष्कळ विकतात, त्यांची आम्हांस गरज भासलेली नाही.

खरी युक्ती हत्यारांत नाही, क्रमात आहे. एक्सलचा नट सैल करावयाचा तो गाडी स्टँडवर चढविण्यापूर्वी, दोन्ही चाके जमिनीवर असताना. स्टँडवर असताना पाइपाला झटका दिला तर गाडी स्टँडवरून उतरून दरीची दिशा धरते. मग पुढच्या चाकास दोन्ही बाजूंनी दगड, स्टँडखाली फळकुटे, आणि गाडी वर. ब्रेक रॉडचा नट काढावा, रॉड सोडवावा आणि नट, स्प्रिंग, खिट्टी पुन्हा रॉडवरच अडकवून ठेवावीत. घाटातल्या गवतात स्प्रिंग शोधण्याचा खेळ संध्याकाळी खेळू नये. ब्रेकची आडवी पट्टी सोडवावी. मग एक्सलचा नट दोन आटे ठेवून लाकडाने ठोकावा, म्हणजे आटे दुखावत नाहीत. एक्सल हलला की नट काढून तो पलीकडून ओढून घ्यावा. बुश खाली पडते, त्यास सतरंजीवर जागा द्यावी. ब्रेकची थाळी बाजूस घेतली, की चाक रबरी गुटक्यांवरून सरकून मोकळे होते, आणि साखळी व तिचे दातेरी चक्र जागच्या जागी राहते. साखळीला हात लावावा लागत नाही, हे आमच्या जातीच्या गाडीचे मोठे सुख. साखळीकडचा मोठा नट मात्र चुकूनही खोलू नये.

चाक मडगार्डखालून काढताना दुसरा माणूस गाडी कलती धरतो. तो नसल्यास चाकाखालची माती लिव्हरने उकरून वीतभर खड्डा करावा. चाक खाली उतरून मागून बाहेर येते. टायरातली हवा गेलेली असतेच, ती येथे उपयोगी पडते. याच कारणाने टायर बसविल्यावर हवा लगेच पुरी भरू नये. फुगलेले चाक खड्ड्यातून आत जाताना अडते. पुरती हवा चाक बसल्यावर.

टायर काढताना लिव्हरशी झगडू नये. समोरच्या बाजूची कड पायाने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरविली, की अलीकडे सैल पडते. खिळा काढल्यावर आम्ही टायरच्या आतून सावकाश बोट फिरविले; एका खिळ्यामागे दुसरा काटा लपलेला असतो, आणि नवी ट्यूब त्यास सापडते. या वेळी नव्हता. ठिगळ लावण्यात उजेड घालविण्याऐवजी नवी ट्यूब थोडी फुगवून घातली, आणि कड वॉल्व्हपाशी संपेल अशी चढविली.

बसविणे हे काढण्याहून अवघड, कारण आठ-दहा किलोंचे चाक एका हाताने उचलून दुसऱ्याने एक्सल घालावा लागतो. येथे तिसरा हात म्हणजे पाय. आम्ही मागे जमिनीवर बसलो, चाक गुटक्यांत अडकविले, टायरखाली लिव्हर व दगड घातला आणि टाचेने लिव्हर दाबून चाक बोटभर वर घेतले. भोके एका रेषेत येत नाहीत तोवर एक्सल ठोकावयाचा नाही. पहिल्यांदा आले नाही, दुसऱ्यांदा आले नाही. निमाडाकडून गार वारा सुटला होता. तिसऱ्यांदा एक्सल बुशातून थाळीत आणि थाळीतून पलीकडे असा गेला, की मनातल्या मनात आम्ही चिरंजीवांस एक पत्र लिहून टाकले.

नट हाताने लावला, ब्रेकची पट्टी जोडली, नवी पिन वाकविली, रॉड जोडून पेडल दाबून धरले, आणि तसेच दाबून ठेवून नट आवळला. यामुळे ब्रेकची थाळी मधोमध बसते. साखळीच्या ताणाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असल्याची खातरी केली, हवा भरली, चाक फिरवून पाहिले. सव्वा तास झाला होता. खाली दिवे लागले होते.

मंडलेश्वरास पंक्चरवाल्या पोराने टॉर्चच्या उजेडात चाक पाहिले, नटावर पाना टेकवून पाहिला आणि पैसे घेण्याजोगे काम नाही म्हणून मान हलविली. तेथून महेश्वर जवळच. मावशी किल्ल्याकडच्या गल्लीत राहतात. वय ब्याऐंशी, एकट्या.

"इतका उशीर? आणि हे हात कसले?"

"चाक काढलं, मावशी. घाटात."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

त्यांनी काही विचारले नाही. राख आणि लिंबाची फोड आणून हातावर ठेवली. सकाळी आम्ही नर्मदेवरून आलो तेव्हा त्या ओसरीवर बसून सतरंजीच्या त्या गुंडाळीला, लिव्हरच्या टोकाने फाटले होते तेथे, दुहेरी दोऱ्याने ठिगळ लावीत होत्या, आणि पुढल्या खेपेस कोणत्या तिथीला येणार ते विचारीत होत्या.